‘मले भाषा जमत नाही’ म्हणणारी चार भाषांची मुले

जानेवारी लागला की गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गावागावांतून मजूर मिरची तोडायला तेलंगणात उतरतात. धानाची मळणी आटोपलेली असते, तेंदूपत्त्याला अजून अवकाश असतो आणि हाताला काम हवे असते. घरी लेकरे सांभाळायला कोणी नसले की तीही सोबत जातात. दोन-तीन महिने शेतावर राहून परततात तेव्हा त्यांच्या जिभेवर तेलुगू बसू लागलेली असते. दुकानातला भाव, मजुरीचा हिशेब, पाण्याच्या टाकीवरचे भांडण, सगळे त्या भाषेत उरकलेले असते. कोणी व्याकरण सांगितलेले नसते, कोणी पाठांतर घेतलेले नसते. शाळा पुन्हा सुरू झाली की यातलाच एखादा मुलगा मागच्या बाकावर बसतो आणि इंग्रजीच्या तासाला उभे केले तर खाली बघून म्हणतो, ‘मले भाषा जमत नाही, सर.’

नवी भाषा शिकण्याविषयी विद्यार्थ्यांच्या मनात काय समजुती असतात, त्या कुठून येतात आणि त्यांचा शिकण्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नावर जगभर साठेक वर्षे अभ्यास चालू आहे. त्या अभ्यासाचा आढावा पुण्या-मुंबईत बसून घेतला तर तो इंग्रजीपाशी सुरू होतो आणि इंग्रजीपाशीच संपतो. वैनगंगेच्या पलीकडून, प्राणहिता-इंद्रावतीच्या काठावरून तोच प्रश्न पाहिला की त्याची मांडणीच बदलते. इथे परकी भाषा कोणती, हेच आधी ठरवावे लागते.

समजुतींच्या अभ्यासाला शिस्त आणली ती अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातील इलेन हॉरविट्झ यांनी. १९८० च्या दशकात त्यांनी भाषाशिक्षणाविषयीच्या समजुतींची एक प्रश्नावली तयार केली. ती पाच गोष्टी चाचपते: भाषा किती अवघड वाटते, भाषेची उपजत देणगी असते असे वाटते का, भाषा शिकणे म्हणजे नेमके काय करणे, बोलताना चुका झाल्या तर चालतात का, आणि शिकून काय मिळणार. १९८६ साली त्यांनी मायकेल हॉरविट्झ आणि जोअ‍ॅन कोप यांच्यासोबत परकी भाषेच्या वर्गातली भीती मोजणारी ३३ विधानांची मोजपट्टीही दिली. तेव्हापासून कितीतरी देशांत या दोन साधनांनी विद्यार्थ्यांची मने तपासली गेली. भाषा म्हणजे शब्द आणि व्याकरण, ती काहींनाच जमते, बिनचूक येईपर्यंत तोंड उघडू नये, या समजुती विद्यार्थ्यांत वारंवार आढळल्या आणि त्यांतली शेवटची सर्वांत घातक निघाली. जो बोलतच नाही तो शिकणार कसा?

ही साधने उपयोगी आहेत, पण त्यांच्या पोटात एक गृहीत दडले आहे. विद्यार्थ्याची घरची भाषा एक, ती शाळेला मान्य, आणि परकी भाषा ही तिच्यावर रचलेला वरचा मजला. अमेरिकन विद्यापीठात फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्या तरुणाला हे चित्र बऱ्याच अंशी लागू पडते. भामरागडच्या पहिलीतल्या मुलीला ते लागू पडत नाही. तिच्या घराच्या पायालाच शाळा जागा देत नाही.

या दोन जिल्ह्यांचा भाषांचा नकाशा एकदा नीट पाहिला पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार होती आणि त्यातले सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. धानोरा, एटापल्ली, भामरागड, अहेरी या पट्ट्यात गोंडी आणि माडिया, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात घराघरांत तेलुगू. चामोर्शी आणि मुलचेरा भागात बंगाली, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना दंडकारण्याच्या या टोकाला वसवले गेले. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरची कागद गिरणी यांनी हिंदी व तेलुगू बोलणारे कामगार आणले. जिवती-कोरपन्याच्या डोंगरांत कोलामी आहे. राजुरा तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आजही जिवती तालुक्यातल्या सीमावादातील १४ गावांत मराठी आणि तेलुगू अशा दोन राज्यांच्या शाळा दिसतात. या सगळ्यांच्या तळाशी, धानाच्या बांध्याबांध्यांतून पसरलेली, झाडीबोली.

इतक्या भाषांच्या मध्ये वाढणारे मूल आठवडी बाजारात एका फेरीत तीन भाषा वापरते आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. अडचण शाळेच्या दारात सुरू होते.

माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या हाती मराठीचे पुस्तक पडते. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, म्हणून त्याच आठवड्यात दुसरेही पुस्तक पडते. त्याच्या दृष्टीने दोन्ही परक्या भाषा. एकीला आपण मातृभाषा म्हणतो, दुसरीला परकी, आणि हा फरक त्याला कोणी समजावून सांगत नाही. तो शिक्षकाला तरी कुठे जाणवतो? नागपूर-वर्ध्याकडून बदलून आलेल्या गुरुजींना मूल गप्प बसलेले दिसते. ते लाजाळू आहे, मंद आहे, घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, अशी कारणे शोधली जातात. मूल मात्र भाषा ऐकत बसलेले असते.

पुढे ते बोलू लागते तेव्हा चुकते, आणि या चुका मला फार बोलक्या वाटतात. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा आहे, तेलुगू-कन्नडची बहीण. तिच्यात लिंगे दोन: पुरुष एका बाजूला आणि बाकी सारे, म्हणजे स्त्रिया, जनावरे, वस्तू, दुसऱ्या बाजूला. मराठीत तीन लिंगे, आणि निर्जीव वस्तूंच्या लिंगांना तर्क शोधू नये. भिंत ती, दगड तो, झाड ते. गोंडी मूल ‘आई आला’ म्हणते तेव्हा वर्ग हसतो. द्राविड भाषांच्या मूळ ध्वनिव्यवस्थेत महाप्राण नाहीत, म्हणून ‘भात’चा ‘बात’ होतो. यात निष्काळजीपणा कुठेच नाही. आपल्या भाषेचे पक्के नियम घेऊन ते मूल दुसऱ्या भाषेत शिरते आहे आणि कोणताही माणूस नवी भाषा अशीच शिकतो. मराठी माणूस हिंदी बोलताना मराठी वाक्याचा सांगाडा वापरतो, तेव्हा त्याला कोणी मंद म्हणत नाही.

वर्गातल्या त्या हसण्यातून पहिली समजूत तयार होते: आपल्याला भाषा येत नाही. हॉरविट्झ यांनी मोजलेली भीती परकी भाषा शिकताना उपजते. इथे ती शाळेच्या पहिल्या महिन्यातच रुजलेली असते, आणि पाचवी-सहावीत इंग्रजी जड होऊ लागते तेव्हा तिला फक्त नवे नाव मिळते. ‘इंग्रजी जमत नाही’ या वाक्याच्या मागे पुष्कळदा ‘मराठीत मला हसले होते’ हे वाक्य उभे असते. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच, बाकीचे त्याला धरून.

हे फक्त आदिवासी मुलांपुरते नाही. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडचे झाडीबोली बोलणारे मूल मराठीभाषकच म्हणून मोजले जाते. घरी ते ‘पानी’ म्हणते, पुस्तकात ‘पाणी’ असते. घरी ‘डोरा’, पुस्तकात ‘डोळा’. ण, ळ, श हे वर्ण त्याच्या बोलीत वेगळे वागतात आणि शुद्धलेखनाच्या वहीत लाल गोल वाढत जातात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि झाडीबोली साहित्य मंडळाने या बोलीचे व्याकरण, शब्द, वाङ्मय गोळा करून तिला उभे केले ते याच लाल गोलांच्या विरोधात. वडशाच्या पेठेतून दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके गावोगाव निघतात, लोक तिकीट काढून रात्र रात्र बसतात. इतकी जिवंत रंगभूमी ज्या मुलखाची आहे, तिथला विद्यार्थी नागपूरच्या कॉलेजात गेला की पहिल्या वर्षी गप्प राहतो. आपली मराठीच अशुद्ध, मग इंग्रजी कुठून शुद्ध येणार, असा त्याचा हिशेब असतो. हिशेब चुकीचा आहे, पण तो त्याने स्वतः मांडलेला नाही, त्याच्या वहीत मांडून दिलेला आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे शिकावेसे का वाटते याकडे. कॅनडातल्या रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९ पासून मॉन्ट्रियलमधील इंग्रजीभाषक विद्यार्थी फ्रेंच कशासाठी शिकतात हे पाहिले. त्यांनी दोन प्रेरणा सांगितल्या. एक, त्या भाषेच्या लोकांत मिसळावे, त्यांच्यासारखे व्हावे ही ओढ. दुसरी, नोकरी, परीक्षा, व्यवहार यांचा उपयोग. सुरुवातीला पहिली प्रेरणा अधिक फळते असे दिसले आणि बराच काळ ते ग्राह्य धरले गेले. त्याला तडा दिला तो मुंबईतल्या एका अभ्यासाने, आणि त्यातल्या विद्यार्थिनी मराठी होत्या. १९७२ साली यास्मिन लुकमानी यांनी मराठी माध्यमाच्या हायस्कुलातील ६० मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलींना इंग्रजी उपयोगासाठी हवी होती, त्यांची इंग्रजी अधिक चांगली निघाली. इंग्रजी बोलणाऱ्या वर्गासारखे होण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. आपल्याच समाजात राहून पुढे जायचे होते आणि इंग्रजी ही त्याची शिडी होती. परदेशी पुस्तकांत हा निष्कर्ष आजही सांगितला जातो. आपल्याकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणात तो मराठी मुलींच्या नावाने सांगितला जावा असे मला फार वाटते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याची इंग्रजीविषयीची वृत्ती लुकमानींच्या मुलींशी जुळते. ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारावर गाईड म्हणून काम करणाऱ्या तरुणाला वाघाच्या पाऊलखुणा, सांबराचा इशारा, ऐन आणि मोहाची झाडे इंग्रजीत सांगता आली तर त्याची मागणी वाढते. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला औषधांची नावे आणि अहवाल इंग्रजीत वाचावे लागतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, तेव्हापासून जर्मन हा शब्दही रोजगाराच्या बोलण्यात आला. इथे भाषा पोटाशी जोडलेली आहे आणि तसे असण्यात काही कमीपणा नाही.

तरीही पोटापलीकडचे एक पान आहे आणि ते वगळून या भागातली इंग्रजीविषयीची भावना कळणार नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले गेले, ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने सांगितले जाते. पण त्याआधीच, १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात, सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजी शिकण्याची हाक शूद्रातिशूद्रांना दिली होती. त्यांच्यासाठी इंग्रजी ही जातीच्या बेडीतून सुटण्याची वाट होती. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात, तेव्हाच्या चांद्यात, दीक्षा दिली. ज्या घरांत ती स्मृती जपली जाते तिथे मुलाला इंग्रजी शिकवणे हे कर्तव्य मानले जाते. बाबासाहेब परदेशी विद्यापीठांत शिकले हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असते. त्यामुळे पोटाला चिमटा काढून मुलाला ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालणाऱ्या बापाला मातृभाषेचे महत्त्व ऐकवणाऱ्यांनी आधी स्वतःची मुले कुठे शिकतात ते पाहावे. विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती पत्र्याच्या दोन खोल्यांत का भरेना. त्या शब्दात आशा आहे आणि मी त्या आशेच्या बाजूने आहे.

मात्र त्याच शब्दात एक समजूत शिरली आहे, तिच्याशी माझे भांडण आहे. भाषा शिकणे आणि त्या भाषेतून शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी यायला हवी असेल तर सगळे विषय इंग्रजीतूनच शिकले पाहिजेत, आणि जितक्या लवकर तितके बरे, असे पालक मानतात, मुले मानतात, शासनही मानते. आदिवासी विकास विभागाची योजना आहे, अनुसूचित जमातींच्या मुलांना शहरांतल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पहिलीपासून घालण्याची. हेतू चांगला, आणि काहींना तिचा लाभही होतो. पण सहा वर्षांचे माडिया मूल एका दिवसात आई, गाव, जेवण आणि भाषा या चारही गोष्टींपासून तुटते. त्याला समजावून सांगायला वर्गात त्याच्या भाषेचे कोणी नसते. मग ते पाठ करते. पाठ केलेले सुरेल आवाजात म्हणून दाखवते आणि आपण त्याला इंग्रजी आली म्हणतो.

कॅनडातलेच जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास यातला भेद नेमका दाखवला. रोजच्या बोलण्यापुरती दुसरी भाषा मुले दोनेक वर्षांत उचलतात. पण त्या भाषेतून वाचणे, विचार मांडणे, गणिताचे शाब्दिक उदाहरण सोडवणे यासाठी पाच ते सात वर्षे लागतात, आणि पहिल्या भाषेत विचार जितका पक्का झालेला असेल तितके दुसरीत काम सोपे जाते. एका भाषेत वाचायला शिकलेले मूल दुसऱ्या भाषेत वाचन नव्याने शिकत नाही, फक्त अक्षरे आणि शब्द नवे असतात. दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो ही जुनी समजूत एलिझाबेथ पील आणि लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्येच मोडून काढली होती. आपल्याच देशातल्या ओडिशात मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी कंध मुलांचा दीर्घ अभ्यास केला, आणि कुई व ओडिया या दोन्ही भाषा बोलणारी मुले एकच भाषा बोलणाऱ्या कंध मुलांपेक्षा बौद्धिक चाचण्यांत सरस ठरली. तिथल्या सरकारने २००६ च्या सुमारास आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यामागे असे काम उभे होते.

आपल्या दारातही याची परंपरा आहे, ती विसरली गेली एवढेच. १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यातील मारलावाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोंडीतली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. राजुरा तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. म्हणजे गोंडीतून शाळा ही कल्पना चंद्रपूरच्या उंबरठ्यावर ऐंशी वर्षांपूर्वी येऊन गेली आहे.

हेमलकसाची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे, पण ती भाषेच्या अंगाने क्वचित सांगितली जाते. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. रुग्ण मराठी बोलत नव्हते, डॉक्टरांना माडिया येत नव्हती. डॉक्टर माडिया शिकले. पुस्तक नव्हते, शिक्षक नव्हता, रुग्णच शिक्षक होते. १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा सुरू झाली, तेव्हा मुलांसमोर माडिया बोलण्याची धडपड करणारी शिकलेली मोठी माणसे होती. हॉरविट्झ यांच्या पाच मुद्द्यांपैकी बिनचूक येईपर्यंत बोलू नये ही समजूत तोडायला याहून चांगला धडा दुसरा नाही. शिक्षक मुलाच्या भाषेत अडखळतो हे मुलाने पाहिले की अडखळण्याची लाज निघून जाते. माझ्या मते बदली होऊन भामरागड किंवा एटापल्लीला आलेल्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्या महिन्यात वर्गाकडून रोज पाच शब्द शिकावेत. त्याला शासन निर्णय लागत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावने आणखी पुढचे पाऊल टाकले. ग्रामसभांनी २०१९ मध्ये पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल या नावाने गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. राज्यघटनेचे कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा असे राज्यांना सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे म्हणतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणते. हे सगळे कागदावर असताना, गावाने स्वतः वर्गणी काढून तेच केले तर ते बेकायदा होते, हे मला अतिशय दुखावणारे वाटते.

गोंडीची बाजू घेताना तिच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, म्हणजे आठव्या अनुसूचीतल्या बोडोच्या दुप्पट, तरी गोंडी अनुसूचीत नाही. ती महाराष्ट्र, छत्तीसगढ, मध्य प्रदेश, तेलंगण, ओडिशा अशा राज्यांत विखुरली आहे आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यावर वेगळ्या राज्यभाषेचा रंग चढला आहे. भामरागडची माडिया आणि बालाघाटची गोंडी यांत अंतर आहे. लिपीचाही प्रश्न आहे: देवनागरी, तेलुगू, १९१८ च्या सुमारास मंगलसिंग मसराम यांनी रचलेली लिपी आणि आदिलाबादच्या गुंजाला गावी हस्तलिखितांत सापडलेली लिपी. शेवटच्या दोन्ही २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्या. शिवाय पालकांची शंका खरी आहे. गोंडीतून शिकवून आमच्या पोरांना पुन्हा रानातच ठेवायचे आहे का, असे ते विचारतात. पिढ्यान्‌पिढ्या फसवल्या गेलेल्या माणसांचा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भाषणाने मिळणार नाही, गोंडीतून सुरू करून सातवीपर्यंत मराठी आणि इंग्रजी नीट वाचणारी मुले दिसली तरच मिळेल.

वृत्ती कशी बदलते याचा एक दाखला मात्र डोळ्यांसमोर आहे. गडचिरोली पोलीस शिपाई भरतीत गोंडी आणि माडियाचा पेपर घेतला गेला. ज्या भाषेला शाळेने दाराबाहेर ठेवले तिचे गुण नोकरीत धरले गेले. सकाळी रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी पोरे संध्याकाळी आजीला माडियाचे शब्द विचारू लागतात, कारण आजीला जे येते त्याला आता किंमत आहे. लुकमानींनी १९७२ मध्ये इंग्रजीबद्दल सांगितले तेच इथे माडियाबद्दल घडते आहे.

हंगेरीचे झोल्तान ड्योर्नेई यांनी २००५ मध्ये या प्रेरणांच्या चर्चेला नवे वळण दिले. भाषा शिकणाऱ्याच्या मनात उद्याच्या स्वतःचे एक चित्र असते, ते जितके स्पष्ट तितकी ओढ मोठी, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटते, आणि त्यामुळेच काळजी वाटते. चित्र रंगवायला कोणीतरी पाहिलेले असावे लागते. कोरचीच्या आश्रमशाळेतल्या मुलीने इंग्रजी बोलणारी आपल्यासारखी बाई कधी पाहिली? टीव्हीवरची पाहिली असेल, ती तिच्यासारखी नसते. गावातून शिकून गेलेली नर्स, वनरक्षक, वकील अशी माणसे सुट्टीत आली की त्यांना वर्गात अर्धा तास उभे करावे. त्यांनी इंग्रजी कशी आली हे सांगावे, आणि ते गोंडीत सांगावे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला आणि त्याच महिन्याच्या शेवटी मागे घेतला गेला. महाराष्ट्र त्या काळात मराठीसाठी पेटून उठला होता आणि ते योग्यच होते. लहान मुलाच्या पाठीवर किती भाषा लादायच्या, हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. पण सगळ्या मोजण्या मराठी पहिली धरून झाल्या. ज्यांची मराठीच दुसरी आहे आणि इंग्रजी तिसरी, त्यांच्यासाठी हिंदी चौथी ठरत होती, ही गोष्ट त्या चर्चेत फारशी आली नाही. मराठीसाठी जे प्रेम आपण मागतो ते माडियाला देताना आपला हात आखडतो. मराठीच्या अभिमानाच्या सभांत मी हे बोलायला कचरत नाही, कारण मराठीवर माझे प्रेम आहे.

आता समजुतींच्या प्रश्नावलीकडे परत. ती इथल्या वर्गात न्यायची असेल तर पहिली विधाने बदलली पाहिजेत. भाषेची उपजत देणगी असते का, हे विचारण्याआधी विचारावे: मीठ कोणत्या भाषेत विकत घेतोस? मामाच्या गावी कोणती बोलतात? तेंदूच्या ठेकेदाराशी बाबा कसे बोलतात? पोळ्याला गाणी कोणत्या भाषेत? हे लिहिता लिहिता मुलाच्या हातातल्या कागदावर तीन-चार भाषांची यादी तयार होते, आणि आपल्याला भाषा जमत नाही या विधानापुढे खूण करताना त्याचा पेन थांबतो. अशी यादी करून घेणे हीच खरी तपासणी, आणि उपचारही त्यातच आहे.

गणिताच्या तासालाही हे करता येते. फळ्यावर चार रकाने आखायचे. पहिल्यात गोंडीचे उंदी, रंड, मुंड, नालुंग. दुसऱ्यात मराठीचे एक, दोन, तीन, चार. तिसऱ्यात इंग्रजीचे वन, टू, थ्री, फोर. चौथा रकाना मोकळा ठेवायचा. मग मिरचीहून परतलेल्या, मागच्या बाकावरच्या मुलाला खडू द्यायचा. तो ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू लिहितो, पहिल्या रकान्याकडे पाहतो, पुन्हा आपल्या रकान्याकडे पाहतो, आणि मुंडच्या समोर मूडू, नालुंगच्या समोर नालुगू येते हे वर्गाला त्याने आधी दाखवायचे.